पडदाभर चित्र

४ ऑगस्ट

बाईसाहेब,

तुझं पत्र काल मिळालं. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो म्हणून यापुढे पत्रंच लिहायची, हा तुझा नियम मान्य. ठमीने दर रविवारी तुझ्याशी फोनवर बोलायचं आणि आपण दोघांनी कागदावर, हेही मान्य. तुझ्या नियमांना मी कधी नाही म्हणालोय? (लगेच यादी काढायला बसू नकोस.)

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. तुझ्या लेकीचा खोकला गेला. वरचा एक दात पडला, तो तिने तुला दाखवायला काडेपेटीत ठेवलाय. पाढे येतात, पण आठचा म्हणताना ती छताकडे बघते. शाळेत सोडण्या-आणण्याची सोय झाली आहे, ती काळजी नको. अण्णांची तब्येत ठणठणीत. माझे वडील आहेत म्हणून सांगत नाही, पण या वयात जिना न थांबता चढणारा माणूस आपल्या गल्लीत दुसरा नाही.

तुला नव्या कारखान्यात रुजू होऊन आता पाच महिने झाले. अण्णांना एकटं टाकून मी तिकडे येणार नाही म्हणालो, आणि हातातली नोकरी सोडून तू इथे राहणार नाही म्हणालीस, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम. सहामाही परीक्षा झाली की तू येणार आणि ठमीने कुठे राहायचं ते आपण समोरासमोर बसून ठरवणार, एवढंच आपलं ठरलंय. तोवर हे घर नीट चालतं की नाही, हे तू पत्रांतून जोखणार, हेही मला कळतं. म्हणून अक्षरसुद्धा सुधारून लिहितोय.

घरात सध्या एकच युद्ध चालू आहे, टीव्हीचं. तुला माहीतच आहे, सिनेमाचं चित्र असतं चांगलं लांबट आणि टीव्ही त्यामानाने चौकोनी. सगळं चित्र दाखवायचं तर वर-खाली काळे पट्टे येतात. पट्टे नको असतील तर चित्र फुगवून पडदाभर करायचं आणि दोन्ही कडा कापून टाकायच्या. हे मी तुला लग्न ठरल्यावर दुसऱ्याच भेटीत समजावून सांगितलं होतं आणि तू जांभई दिली होतीस.

अण्णा पडदाभरवाले. मी पट्टेवाला. मी कामावरून आलो की रिमोट घेऊन चित्र पुरतं करतो, आणि तोंड धुऊन येईतो अण्णांनी ते परत फुगवलेलं असतं.

“एवढे पैसे घालून टीव्ही घेतलास तो काळं बघायला का?” ते विचारतात. “उद्या शिंपी अर्धा शर्ट शिवेल आणि म्हणेल, कापड असंच असतं.”

“अण्णा, कडेची माणसं कापली जातात.”

“कडेच्या माणसांना कोण विचारतंय? हिरो मध्ये असतो.”

आणि माझ्या नशिबाची गंमत बघ, साहेबांनी मला स्टुडिओत नेमकं हेच काम दिलंय. एका वाहिनीला जुने लांबट सिनेमे पडदाभर करून हवेत. प्रेक्षक तक्रार करतात म्हणे, की पट्ट्यांमुळे टीव्ही बिघडलाय असं वाटतं. म्हणजे दिवसभर मी एक चौकट घेऊन बसतो आणि चित्रावरून ती डावीउजवीकडे सरकवतो. दोन माणसं दोन टोकांना उभी राहून बोलत असली की प्रश्न पडतो, ठेवायचं कोणाला? आज एका जेवणाच्या लांब टेबलावर अडकलो होतो. सहा माणसं, आणि माझ्या चौकटीत मावतात पाच. शेवटी एका आत्याला कापलं. तिचा आवाज येतो, पण ती दिसत नाही, आणि सगळे कोणाकडे बघून हसतायत ते प्रेक्षकाला कळत नाही. पगार यासाठी मिळतो.

तुझी खोली कोंदट आहे म्हणालीस. खिडकी उघडते का? लिही.

---

१९ ऑगस्ट

‘बाईसाहेब’ नको म्हणालीस. बरं. नुसतंच लिहितो.

रविवारी ठमी फोनवर बोलून गेलीच आहे, तेव्हा आता आडपडदा ठेवून उपयोग नाही. हो, तिला शाळेत अण्णाच सोडतात आणि अण्णाच आणतात. गाडीतून. तिला अण्णांच्या गाडीतून पाठवायचं नाही, हे तू जाताना बजावलं होतंस ते मला आठवतंय. पण माझं काम शाळेच्या आधी सुरू होतं, शाळेची बस आपल्या गल्लीत वळत नाही, आणि अण्णांनी आयुष्यभर या शहरात बस चालवली आहे. कधी कोणाला खरचटलं नाही की कधी आरसा फुटला नाही. निवृत्त झाले तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. तू ‘सोय कोणती?’ असं विचारलं नव्हतंस आणि मी सांगितलं नव्हतं, याला तू खोटं म्हणशील. मी म्हणेन, अर्धवट. पण चिडू नकोस. ठमी खूश आहे, अण्णांना सकाळी उठायला कारण मिळालंय, आणि मला तर दुसरा मार्गच नाही.

गाडीच्या डाव्या अंगाला ओरखडा आहे, तेही ती बोललीच असेल. तो माझा पराक्रम. फाटकातून मागे घेताना खांबाला लागली.

आता आनंदाची बातमी. युद्ध जिंकलो! परवा संध्याकाळी मी पायातले बूट काढतोय तर अण्णा आतून म्हणाले, “अरे, तो तुझा पट्ट्यांचा प्रकार लाव जरा.”

मी एका पायात बूट घालूनच आत गेलो. “काय म्हणालात?”

“लाव म्हटलं ना. त्यात माणसं बरी दिसतात. यात नुसतीच बोलाबोली ऐकू येते. ही मघापासून कोणाशी बोलतेय तेच कळत नाही.”

मला काय वाटलं ते तुला सांगून समजणार नाही. ‘ही कोणाशी बोलतेय?’ हे वाक्य मी साहेबांच्या टेबलावर शंभर वेळा आपटलंय. पडदाभर केलेल्या सिनेमाची हीच तर खूण. माणूस कडेला उभा असतो, कापला जातो आणि बिचारी बाई भिंतीशी बोलत बसते. मी पट्टे लावले. अण्णा खुर्ची जरा मागे सरकवून शांतपणे बघत बसले. हरलो असं म्हणाले नाहीत, पण न म्हणण्याची त्यांची पद्धत तुला माहीत आहे. मी ठमीला त्या आनंदात आईस्क्रीम दिलं. खोकला परत आलेला नाही, आधीच सांगतो.

---

२ सप्टेंबर

तुझं पत्र अगदी चार ओळींचं. ‘अण्णांची गाडी बंद कर, नाहीतर मी परीक्षेची वाट बघणार नाही.’ एवढं तोडून कशाला लिहायचं? अण्णांना मी तुझी काळजी सांगितली आहे. सावकाश चालवतात. इतकी सावकाश, की मागचे लोक भोंगे वाजवतात. थोडे दिवस दे, मी कामाची वेळ बदलून मागतोय. साहेबांचा मूड बघून विचारायला हवं.

बाकी घरात मी मेटाकुटीला आलोय. जिंकलेलं युद्ध परत सुरू झालं. पट्टे लावलेले, चित्र पुरतं, कुठे काही कापलेलं नाही, तरी अण्णांचं चालूच: “ही कोणाशी बोलतेय?”

“अण्णा, तो काय उभाय, लाल शर्टवाला.”

“हा कुठून आला?”

“पहिल्यापासून आहे!”

“नव्हता. आत्ता आला.”

म्हटलं, टीव्हीच गडबड करतोय. मी सगळ्या सेटिंगा तपासल्या. स्टुडिओतून कडा तपासायची चकती आणली, पट्टी लावून चित्र मोजलं. कडेपर्यंत सगळं व्यवस्थित. तरी मनात आलं, टीव्ही जुना, पडदा लहान, कडेचे चेहरे बारीक दिसत असतील. म्हणून मोठा टीव्ही आणला. दारातून आडवा आत घ्यावा लागला. असं चित्र दिसतं की माणसाच्या शर्टाची शिवण मोजावी.

अण्णांनी खुर्ची मागे घेतली. मग आणखी मागे. शेवटी पाठ दाराला टेकली. आणि दुसऱ्या दिवशी घरी येतो तर हा माणूस स्वयंपाकघरात, माळ्यावरचा आपला टीचभर जुना टीव्ही काढून फ्रिजवर लावून, स्टूल पार खिडकीपाशी ठेवून बसलेला! माझ्या नाकावर टिच्चून!

“अण्णा, बाहेर एवढा मोठा आणलाय!”

“यात सगळे असतात,” ते म्हणाले.

वाद हरल्यावर माणूस कसा वाकड्यात शिरतो, त्याचा हा नमुना. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. आता वाटतं, वय झालंय, सोडून द्यावं. समोरच्या शिवणकामवाल्या मावशीही त्यांच्यावर रुसल्यात. रस्त्यात त्यांनी हात केला आणि अण्णा शेजारून ताठ मानेने निघून गेले म्हणे. “गाडीत बसायला लागल्यापासून तुमच्या अण्णांना आम्ही दिसेनासे झालो,” असं मला ऐकवलं. मी हसण्यावारी नेलं.

गाडीचा डावा आरसा फुटलाय. बाजारात उभी असताना कोणीतरी तोडून गेलं. लोकांना काही लाज नाही.

ठमीचं एक नवीनच खूळ आहे. गाडीत ती पुढेच बसते. कितीही सांगा, मागे बसत नाही. मी रागावलो तर दाराला धरून रडली. तुला विचारतो, तुझ्याबरोबर असताना कधी असं केलं होतं का?

---

१० सप्टेंबर

ठमीच्या बाईंनी तुलाही फोन केला, हे तुझ्या पत्रावरून कळलं. मी तुला सांगणारच होतो. म्हणजे, कसं सांगावं याचा विचार करत होतो.

बाईंनी मला शाळेत बोलावलं होतं. लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर मला बसवलं, आणि त्या खुर्चीवर बसलं की आपोआपच आपण काहीतरी चूक केली आहे असं वाटतं. म्हणाल्या, सकाळचा पहिला तास ठमी खिडकीपाशीच उभी असते. बस म्हटलं की बसते, पुन्हा उठते. फाटकाकडे बघते. शाळा सुटायच्या आधी परत तेच. परवा पोटात दुखत होतं तरी घरी जायला तयार नव्हती, उलट विनवत होती, “आजोबांना बोलावू नका ना, बाबाला बोलावा.”

“घरी काही आहे का?” बाईंनी विचारलं.

म्हटलं, तिची आई नोकरीसाठी बाहेरगावी असते. त्यांनी मान हलवली. सगळं समजल्यासारखी. मला त्या मानेचा राग आला, आणि घरी येताना स्वतःचाही.

तर तू लिहितेस ते खरं असेल. ती तुझी वाट बघत असेल. फाटकाकडे बघणारं पोर आणखी कोणाची वाट बघणार? मी विचारलं तिला, शपथ घालून विचारलं. “आईची आठवण येते का?” तर हो म्हणाली. “म्हणून खिडकीपाशी उभी राहतेस?” तर माझ्या शर्टाचं बटण फिरवत बसली.

मी घाबरलोय. हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. तू तिला घेऊन जाशील याला मी घाबरलोय, आणि न नेल्यामुळे तिला काही होईल यालाही. अण्णांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते आजकाल फार गप्प असतात. चालताना भिंतीला हात लावून चालतात. गुडघे दुखत असावेत.

---

१७ सप्टेंबर, दुपार

हे पत्र पोचायला वेळ लागेल. पण फोन उचलून हे बोलायची माझ्यात हिंमत नाही. ठमीला काहीही झालेलं नाही. आधी हे वाक्य दोनदा वाच.

आज सकाळी माझी स्कूटर सुरूच होईना. त्या खटपटीत उशीर झालाच होता, म्हटलं, चला, अण्णा ठमीला सोडतील आणि पुढे मलाही सोडतील. मी मागे बसलो. ठमी नेहमीप्रमाणे पुढे. तिने माझ्याकडे वळून असं बघितलं, की जसं काही मी चुकीच्या घरात शिरलोय. मग गाडी निघाली.

गल्लीतून बाहेर पडलो तशी ती बोलायला लागली. हळू आवाजात, समोर बघत. “डावीकडे सायकल.” अण्णा म्हणाले, “हं.” “गेली.” “हं.” “उजवीकडे काकू आहेत. थांबल्यात. आता कोणी नाही. आता जा.”

मला वाटलं, खेळ आहे. आजोबा ड्रायव्हर, नात कंडक्टर. मला इतकं गोड वाटलं! मी पुढे वाकून म्हटलं, “काय गं ठमे, तिकीट किती?”

ती मला उत्तर द्यायला मागे वळली.

तेवढ्यात आवाज झाला. डावीकडून येणारा सायकलवाला आमच्या दारावर आदळला आणि पडला. माणूस उठला, देवाची कृपा. कोपर सोलवटलं होतं, चाक वाकलं होतं. त्याने शिव्या दिल्या त्या मी उभा राहून ऐकल्या. अण्णा खाली उतरलेच नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच, समोर बघत म्हणाले, “हा कुठून आला?”

अगं, हे वाक्य मी रोज ऐकतोय. रोज टीव्हीसमोर ऐकतोय आणि रोज रिमोट हातात घेतोय. माझं डोकं चित्राच्या कडांवर इतकं बसलेलं, की त्यांना कडेचं दिसत नाही म्हटल्यावर मी टीव्ही मोजला. माणसाकडे बघितलंच नाही.

ठमी रडत होती. लागलं म्हणून नाही. “मी सांगत होते ना बाबा. तू मध्येच बोललास.”

गाडी मी चालवत बाजूला घेतली. अण्णांना एका दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि ठमीला जवळ घेऊन विचारलं, हे कधीपासून? तर म्हणे, शाळा सुरू झाली तेव्हापासून. आरसा फुटला त्या दिवसापासून जास्त. सकाळी तिला सोडून आजोबा एकटे परत जातात, तेव्हा त्यांना सांगायला कोणी नसतं, म्हणून ती खिडकीतून बघते, गाडी वळणापर्यंत नीट गेली का. आणि शाळा सुटायच्या आधी बघते, आली का.

“मला का नाही सांगितलंस, बाळा?”

“तू गाडी बंद केली असतीस. मग मला आईकडे पाठवलं असतंस. मग आजोबा एकटे.”

हे तिच्या डोक्यात कोणी घातलं, ते मला विचारायची गरज पडली नाही. मीच. तुझं ते चार ओळींचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात अण्णांना म्हणालो होतो, “शाळेची सोय बिघडली असं तिला दिसलं तर ती ठमीला घेऊन जाईल. काहीही झालं तरी गाडी चालू राहिली पाहिजे.” ठमी तिथेच टेबलाखाली पेन्सिलला टोक करत बसलेली. आठ वर्षांच्या पोराने माझी भीती उचलली आणि आजोबांना रस्ता सांगायची नोकरी कोणाला न कळू देता चालू ठेवली.

उद्या सकाळी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतोय. ते यायला तयार नाहीत, पण नेतोय.

---

२१ सप्टेंबर

डॉक्टर बाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. काचबिंदू. डोळ्यांतला दाब वाढून कडेची नजर हळूहळू जाते, दुखत-खुपत नाही, म्हणून कळत नाही. मधलं स्वच्छ दिसत राहतं. अण्णांना अजूनही पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. पण दोन्ही बाजूंचं बरंच गेलंय. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं वाचवायला रोज थेंब घालायचे, कदाचित पुढे शस्त्रक्रिया.

मी त्यांना टीव्हीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी कागदावर एक गोल काढला. म्हणाल्या, एवढ्या गोलातूनच बघायचं असेल तर चित्र जितकं मोठं, तितकं कमी दिसणार. लहान चित्र लांब ठेवलं की सगळं गोलात मावतं. पट्टे लावल्यावर चित्र जरा आटलं, म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. आणि मी जिंकलो म्हणून आईस्क्रीम वाटलं.

तपासणीची गंमतही लिहितो, तू ओळखतेस त्यांना म्हणून. एका भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची आणि कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. अण्णा ठराविक अंतराने दाबत सुटले. टक, टक, टक. बाई म्हणाल्या, “आजोबा, दिवा लागला तरच दाबायचं. मधूनमधून यंत्र काहीच लावत नाही, तेव्हाही तुम्ही दाबताय.”

“सिग्नल कधी लागतो ते मला तुमच्या जन्माआधीपासून कळतं,” अण्णा म्हणाले.

बाईंनी शांतपणे तपासणी पुन्हा घेतली. दुसऱ्या वेळी मी खोलीत बसलो होतो. बटणाचा आवाज मोजकाच आला. मध्येच फार वेळ आला नाही. मी मान वर केली नाही.

घरी आल्यावर त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी मागितली नव्हती. “ब्रेक लवकर दाबत जा,” म्हणाले, “तो उशिरा लागतो.” मग थोड्या वेळाने, “तुला वाटत असेल मी मुद्दाम लपवलं. मला दिसत नाही हेच मला दिसत नव्हतं रे. मला वाटायचं, हल्ली लोकच घाईत असतात.” आणि मग किल्ली माझ्याकडे सरकवत म्हणाले, “पोरगी सांगायला लागली तेव्हा कळायला हवं होतं. कळलं होतं. दुसऱ्या दिवशी परत किल्ली घेतली.”

आम्ही दोघंही रोज किल्ली घेत होतो. ओरखडा मी पाडलेला नाही. आरसा बाजारात कोणी तोडलेला नाही. शाळेच्या फाटकाला लागला, ठमी गाडीत असताना. अण्णांनी मला त्याच दिवशी सांगितलं आणि मी तुला दुसरंच लिहिलं. तू जो संशय घेत होतीस तो खरा होता आणि मी अक्षर सुधारत होतो. तू जेवढं रागावशील तेवढं कमी आहे. मला स्वतःची किळस येते, आणि त्याहून जास्त धडकी भरते. त्या दिवशी सायकलच्या जागी ट्रक असता, या विचाराने मी स्टुडिओत बसल्या बसल्या उठून उभा राहतो.

अण्णांसाठी काल मोठ्या टीव्हीवर चित्र लहान करून दिलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारी बाजूंनी काळं आणि मध्ये पाटीएवढा सिनेमा. लांबून बघत होते. म्हटलं, “दिसतंय का?” म्हणाले, “आहेत सगळे.” ठमी त्यांच्या समोर जमिनीवर बसली होती. ती नेहमी समोरच बसते, शेजारी नाही. मला वाटायचं, टीव्हीच्या जवळ बसायची खोड आहे.

तू परीक्षेची वाट बघू नकोस. ये. तिला न्यायचं म्हणालीस तर मी अडवणार नाही. माझं मन तयार नाही, हेही लिहितो, कारण आता अर्धवट काही लिहायचं नाही असं ठरवलंय. पण तिला आजोबांची नोकरी करायला लागू नये, एवढं मला तुझ्याइतकंच कळतं.

साहेबांनी उशिरा यायची परवानगी दिली. विचारायला इतके आठवडे घाबरलो, ते काम एका वाक्यात झालं. आज तिला मी सोडलं, अण्णांच्या गाडीतून. मागे बस म्हटलं, बसली. पट्टा लावला. गल्लीच्या तोंडाशी आलो, आणि मागून आवाज आला.

“डावीकडे सायकल.”

“ठमे, मला दिसतंय गं.”

“आजोबापण असंच म्हणायचे.”

आणि शाळेचं फाटक येईपर्यंत ती थांबली नाही. एकेक सायकल, एकेक काकू, एकेक कुत्रं मला सांगत राहिली. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. नुसतं ‘हं’ म्हणत गाडी चालवली. तिला तू समजाव, असं लिहिणार होतो, की बाबाचे डोळे चांगले आहेत, त्याच्यावर विश्वास ठेव. पण तुलाच तो ठेव म्हणायला मला तोंड नाही, तर तिला सांगायला तुला कसं सांगू? पत्र मिळताच फोन कर. तिसऱ्या वाक्याला भांडलीस तरी मी ठेवणार नाही.